उद्धृत केलेला लॉ जर्नलमधला लेख ग्रंथालयातून मिळवताना: सायटेशन वाचण्यापासून प्रत हातात येईपर्यंत

संदर्भकक्ष

निकालपत्रात, प्रबंधात किंवा पुस्तकाच्या तळटिपेत लॉ जर्नलमधला एखादा लेख उद्धृत केलेला असतो. वाचकाला तो मुळातून वाचायचा असतो. ग्रंथालयात मागणी दिली की 'उपलब्ध नाही' असा शेरा येतो आणि वाचक तिथेच नाद सोडतो. माझं ठाम मत आहे की अशा वेळी लेख जगातून नाहीसा झालेला नसतो. मागणीच भलत्या जर्नलची, भलत्या खंडाची किंवा भलत्या पानाची गेलेली असते. सायटेशन, म्हणजे लेखाचा खंड-जर्नल-पान-वर्ष असा पत्ता, नीट वाचलं की निम्मं काम झालं.

म्हणून हा धागा. खाली पाच सायटेशनं देतो. प्रत्येकात अडण्याची जागा वेगळी आहे. जाणकारांनी एकेक उलगडून दाखवावं, म्हणजे पुढे कुणालाही हा धागा हाताशी ठेवता येईल.

१) ४ हार्व. एल. रेव्ह. १९३, २०५ (१८९०)
२) [२००५] पी. एल. ४४०
३) २ इल. एल. रेव्ह. ५७४ (१९०८)
४) २९ ॲम. जे. इंट. एल. सप्लि. ४३५ (१९३५)
५) १२७ हार्व. एल. रेव्ह. १७६ (२०१४)

लेखक आणि शीर्षक मुद्दाम गाळलं आहे. जुन्या निकालपत्रांत बरेचदा एवढंच दिलेलं असतं.

---

तळटीप

पहिल्यापासून सुरुवात करतो. अमेरिकन पद्धतीत क्रम ठरलेला असतो: खंड, जर्नलचं संक्षिप्त नाव, लेख जिथे सुरू होतो ते पान, मग स्वल्पविराम देऊन ज्या पानावरचा मजकूर उद्धृत केलाय ते पान, शेवटी कंसात वर्ष. म्हणजे हार्वर्ड लॉ रिव्ह्यू, खंड ४, लेखाची सुरुवात पान १९३, आणि लेखकाला हवा असलेला मजकूर पान २०५ वर. हा वॉरन आणि ब्रँडाइस यांचा 'द राइट टू प्रायव्हसी'. पानं १९३ ते २२०.

चूक होते ती इथे: कुणीतरी मधल्या पुस्तकात १९३ गाळून नुसतं २०५ लिहितो. मग मागणीत 'पान २०५ पासून' असं जातं. पुरवठा करणारं ग्रंथालय २०५ वर पाहतं, तिथे कुठलाच लेख सुरू होत नाही, आणि मागणी 'सायटेशन जुळत नाही' म्हणून परत येते. त्यामुळे एकच पान दिलं असेल तर ते सुरुवातीचं आहे असं धरून चालू नका. मागणीत सरळ लिहा: 'पान २०५ ज्या लेखात येतं तो पूर्ण लेख'. एवढ्या एका ओळीने काम होतं.

दुसरी गोष्ट वर्षाची. हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचा खंड एका वर्षात सुरू होऊन पुढच्या वर्षात संपतो. लेख डिसेंबर १८९० च्या अंकातला आहे, पण बांधीव खंडाच्या पाठीवर १८९०-९१ असं असणार. कपाटापाशी जाऊन 'फक्त १८९०' शोधणारा माणूस गोंधळतो.

---

बांधीव_खंड

वर्ष आणि खंड यांचा मेळ घालण्याचा हिशेब सगळ्यांनी शिकून घ्यावा, फार उपयोगी आहे. जर्नल कधी सुरू झालं एवढं माहीत असलं की सायटेशनमधला आकडा उलटापालटा झालाय का ते लगेच कळतं.

हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचा पहिला खंड १८८७ मध्ये सुरू झाला. म्हणून खंड क्रमांकात १८८६ मिळवा, खंड सुरू झाल्याचं वर्ष येतं. ४ + १८८६ = १८९०, बरोबर. १२७ + १८८६ = २०१३, म्हणजे २०१३-१४ चा खंड. येल लॉ जर्नलसाठी १८९० मिळवा. लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू १८८५ पासूनचं आहे आणि खंड कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालतो, तिथे १८८४ मिळवा: खंड १४ म्हणजे १८९८, खंड १२१ म्हणजे २००५.

समजा सायटेशन आलं '४१ हार्व. एल. रेव्ह. ... (१९७२)'. हिशेबाने ४१ वा खंड १९२७-२८ चा. म्हणजे खंड तरी चुकलाय किंवा वर्ष तरी. १९७२ खरं धरलं तर खंड ८५ किंवा ८६ असायला हवा. दोन्ही शक्यतांची अनुक्रमणिका पाहायची, लेखकाचं नाव किंवा विषय कुठे जुळतो ते बघायचं.

हा हिशेब डोळे झाकून मात्र लावू नका. मॉडर्न लॉ रिव्ह्यू १९३७ मध्ये सुरू झालं, पण २००५ चा खंड ६८ आहे. सरळ मोजलं तर ६९ यायला हवा होता. सुरुवातीचे खंड कॅलेंडर वर्षाला धरून नव्हते, त्यामुळे एकाचा फरक पडतो. एकाचा फरक आला तर घाबरू नका, दहा-वीसचा आला तर आकडा तपासा.

---

कौंसातला_वर्षफळा

दुसरं मी घेतो. चौकोनी कंस पाहिला की इंग्लंडची पद्धत आहे हे ओळखायचं. तिथे नियम असा: वर्षावरूनच खंड ओळखला जात असेल तर वर्ष चौकोनी कंसात, स्वतंत्र खंड क्रमांक असेल तर वर्ष गोल कंसात. पी. एल. म्हणजे 'पब्लिक लॉ'. त्याचे खंड वर्षावरूनच ओळखले जातात. लेख पॉल क्रेग यांचा, 'थिअरी, "प्युअर थिअरी" अँड व्हॅल्यूज इन पब्लिक लॉ', पान ४४० पासून.

मागणीच्या फॉर्ममध्ये 'खंड' हा रकाना सक्तीचा असतो आणि लोक तिथे मनाने काहीतरी भरतात. सगळ्यात वाईट म्हणजे १ लिहितात. खंडाच्या रकान्यात २००५ लिहा, वर्षाच्या रकान्यातही २००५ लिहा, आणि शेऱ्यात 'जर्नलला खंड क्रमांक नाही, वर्ष हाच खंड' असं टाका.

अमेरिकेतही काही जर्नलं अशीच आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय लॉ रिव्ह्यू आणि सुप्रीम कोर्ट रिव्ह्यू यांची सायटेशनं वर्षाने सुरू होतात. तिथे पहिला आकडा चार अंकी दिसला की तो खंड नाही, वर्ष आहे.

---

संदर्भकक्ष

@कौंसातला_वर्षफळा, खंडाच्या रकान्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. आता इलिनॉयचा विषय निघालाच आहे, तर तिसरं कोण उलगडतं?

---

लघुरूप

तिसऱ्यात बरेच लोक फसतात. 'इल. एल. रेव्ह.' वाचून युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयचं जर्नल मागवलं जातं. प्रत्यक्षात इलिनॉय लॉ रिव्ह्यू नावाचं जर्नल १९०६ मध्ये सुरू झालं ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं, आणि १९५२ मध्ये त्याचं नाव नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटी लॉ रिव्ह्यू झालं. इलिनॉय विद्यापीठाचं जर्नल १९४९ चं, आणि तेही आधी 'लॉ फोरम' या नावाने निघायचं. १९०८ साली ते नव्हतंच. इथे वर्षच साक्ष देतं. लेख जॉन विगमोर यांचा आहे, कायद्याशी संबंधित कादंबऱ्यांची यादी.

ग्रंथालयाच्या कॅटलॉगात हे दोन वेगळ्या नोंदींखाली असू शकतं. काही ग्रंथालयं सगळे खंड शेवटच्या नावाखाली दाखवतात, काही प्रत्येक नावाची वेगळी नोंद करतात. नाव बदललं की आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, तोही बदलू शकतो. म्हणून नोंदीतली 'आधीचं नाव' आणि 'नंतरचं नाव' ही दोन क्षेत्रं नेहमी वाचायची. पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. १८५२ पासून 'अमेरिकन लॉ रजिस्टर', मग मधली जोडनावं, मग आजचं युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया लॉ रिव्ह्यू. शिवाय १८६१ नंतर 'नवी मालिका' सुरू करून खंड पुन्हा १ पासून मोजले. सायटेशनमध्ये 'एन. एस.' ही दोन अक्षरं असतील तर ती मागणीत जशीच्या तशी उतरवा. ती गाळली की जुन्या मालिकेतला त्याच क्रमांकाचा खंड येतो आणि त्यातल्या त्या पानावर काहीतरी भलतंच निघतं.

संक्षेप उलगडण्यासाठी सर्वात सोपं साधन म्हणजे कार्डिफ विद्यापीठाची कायदेविषयक संक्षेपांची सूची. ती ऑनलाइन आहे, मोफत आहे, आणि दोन्ही बाजूंनी शोधता येते: संक्षेपावरून नाव, नावावरून संक्षेप. एकाच संक्षेपाचे अनेक अर्थ निघाले तर देश आणि काळ पाहून निवड करायची. 'सी. एल. जे.' हे केंब्रिज लॉ जर्नलही असतं आणि मलेशियातलं करंट लॉ जर्नलही, आणि त्यातलं दुसरं निकालांचं नियतकालिक आहे. फक्त अमेरिकन जर्नल असेल तर ब्लूबुक या अमेरिकन सायटेशन-नियमांच्या पुस्तकातले संक्षेपांचे तक्ते पुरतात.

---

परिशिष्ट_पान

चौथं माझं आवडतं, कारण यात एकच शब्द सगळं ठरवतो: 'सप्लि.'

अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ १९०७ पासूनचं, म्हणून २९ वा खंड १९३५ चा, हिशेब जुळतो. पण त्या काळात या जर्नलला पुरवणी असायची आणि पुरवणीची पानं स्वतंत्र मोजली जायची. म्हणजे २९ व्या खंडात पान ४३५ दोनदा येतं, एकदा मुख्य भागात आणि एकदा पुरवणीत. हवा आहे तो हार्वर्ड रिसर्चचा गुन्ह्यांबाबतच्या अधिकारक्षेत्राचा मसुदा करार, पुरवणीतला.

बांधणीतही घोळ असतो. काही ग्रंथालयांनी पुरवणी खंडाच्या शेवटी बांधली, काहींनी वेगळी बांधली, काहींनी ती घेतलीच नाही. कॅटलॉगात '२९ वा खंड आहे' असं दिसलं म्हणून पुरवणी आहे असं समजू नये. मागणीच्या शीर्षकातच 'पुरवणी' लिहा, शेऱ्यात नको. शेरा वाचला जाईलच असं नाही.

आणखी एक. त्याच पुरवणीत करारांच्या कायद्याचा मसुदा ६५७ पानावर सुरू होतो. म्हणजे आपला मसुदा दोनशेहून जास्त पानांचा आहे. एवढं स्कॅन करून देणं बहुतेक ग्रंथालयांच्या मर्यादेबाहेर जातं. कलमांचा मजकूर हवा की एखाद्या कलमावरचं भाष्य, हे आधी ठरवून तेवढीच पानं मागा.

---

वाचनकक्ष_३

मागणी पाठवण्याआधी ऑनलाइन कुठे कुठे बघावं, आणि कोणत्या क्रमाने? प्रत्येक जण वेगळी यादी सांगतो.

---

संदर्भकक्ष

@वाचनकक्ष_३, क्रम लेखाच्या वयावर ठरतो.

जुना लेख असेल तर आधी हाइनऑनलाइन, हा कायद्याच्या जर्नलांचा ऑनलाइन संग्रह. तिथे बहुतेक जर्नलं पहिल्या खंडापासून आहेत आणि पानांची छायाप्रत मिळते, म्हणजे छापील पान जसं होतं तसंच. उद्धृत करण्यासाठी ही प्रत मूळ अंकाइतकीच भरवशाची. शोधताना शब्द टाकत बसू नका. 'सायटेशन'च्या चौकटीत खंड, संक्षेप आणि पान टाकलं की थेट त्या पानावर नेतं. शब्दशोधात जुन्या छपाईमुळे अक्षरं चुकीची ओळखली गेलेली असतात, त्यामुळे असलेला लेखही 'नाही' दिसतो. मात्र काही जर्नलांचे अगदी अलीकडचे अंक प्रकाशकाच्या अटीमुळे तिथे नसतात.

जेस्टोर या अभ्यासपत्रिकांच्या ऑनलाइन संग्रहातही तीच अडचण: बऱ्याच जर्नलांची शेवटची तीन ते पाच वर्षं मिळत नाहीत. पण फार जुना मजकूर तिथे मोफत आहे. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेत १९२३ पूर्वी आणि इतर देशांत १८७० पूर्वी छापलेले जर्नल-लेख सर्वांना खुले केले. पहिलं सायटेशन यात बसतं. त्यासाठी कुठल्याही सदस्यत्वाची गरज नाही.

वेस्टलॉ आणि लेक्सिस या कायद्याच्या डेटाबेसांवर लॉ रिव्ह्यूंचा भर साधारण १९८० नंतरचा. तिथे मजकूर मिळतो, पानाचं चित्र नाही. पानं कुठे बदलतात ते मजकुरात तारांकित आकड्याने दाखवतात. तक्ते, आकृत्या गळालेल्या असू शकतात. ब्रिटिश जर्नलांसाठी, त्यात पब्लिक लॉ आणि लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू आले, वेस्टलॉ यूके पाहायचं.

अलीकडचा लेख असेल तर आधी जर्नलचं स्वतःचं संकेतस्थळ, मग लेखकाच्या विद्यापीठाचं भांडार, मग एसएसआरएन (लेखक आपले मसुदे ठेवतात ते संकेतस्थळ). अमेरिकेतल्या बऱ्याच लॉ स्कूलांची जर्नलं स्वतःच्या संकेतस्थळावर पूर्ण अंक मोफत ठेवतात.

---

तळटीप

एसएसआरएनबद्दल एक इशारा जोडतो. तिथली प्रत बहुधा छपाईपूर्व मसुदा असते. पानांचे आकडे १ पासून, तळटिपांचे क्रमांक वेगळे, कधी निष्कर्षातली वाक्यंही वेगळी. वाचायला उत्तम, पण 'पान ४५२ वर लेखक म्हणतो' असं लिहायचं असेल तर छापील प्रत हवीच. मसुद्यात तळटीप ८७ आणि छापील लेखात तीच ९१ असं सर्रास होतं.

---

शोधयंत्र

हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या स्कॅन-संग्रहाचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. तिथले बरेच खंड हक्कांमुळे वाचायला खुले नसतात, पण त्यांच्या आत शब्द शोधता येतात. मजकूर दिसत नाही, तरी शब्द कोणकोणत्या पानांवर आहे ते आकडे दिसतात. सायटेशनमध्ये पान चुकलंय अशी शंका असेल तर लेखाच्या शीर्षकातले दोन-तीन अनवट शब्द अवतरणचिन्हात टाकून त्या खंडात शोधा. शीर्षक डोक्यावर प्रत्येक पानावर छापलेलं असेल तर सलग पानांची यादी मिळते, आणि लेखाची सुरुवात व शेवट दोन्ही हाती लागतात. तेच आकडे मागणीत लिहायचे.

गूगल बुक्सच्या तुकड्यांवर मात्र पानासाठी विसंबू नका. अनेक अंक एकत्र बांधलेल्या खंडात ते दाखवलेलं पान चुकू शकतं.

---

लघुरूप

पाचवं राहिलंय. संक्षेपात 'एफ.' हे अक्षर गळालंय ना? खरं सायटेशन १२७ हार्व. एल. रेव्ह. एफ. १७६ (२०१४) असणार.

---

संदर्भकक्ष

@लघुरूप, अगदी बरोबर. 'एफ.' म्हणजे फोरम, हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचा ऑनलाइन भाग. त्याची पानं मुख्य खंडापासून वेगळी मोजली जातात. मुख्य १२७ व्या खंडातही १७६ वं पान आहेच, त्यामुळे ग्रंथालय प्रामाणिकपणे ते स्कॅन करून पाठवतं आणि वाचकाला भलताच मजकूर मिळतो. स्टॅनफर्डच्या 'ऑनलाइन' या जोडशब्दाचंही तसंच. असे भाग छापील स्वरूपात नसतात, म्हणून बांधीव खंडात कितीही शोधलं तरी सापडणार नाहीत. थेट जर्नलच्या संकेतस्थळावर जायचं.

हा लेख झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांचा आहे आणि विषयही आपल्याच कामाचा: कायदेविषयक लिखाणात दिलेले दुवे मरतात त्याबद्दल. त्यांनी तपासलं तेव्हा हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि इतर काही जर्नलांतल्या ७० टक्क्यांहून जास्त दुव्यांवर, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या ५० टक्के दुव्यांवर, मूळ उद्धृत मजकूर राहिला नव्हता. तळटिपेत पर्मा डॉट सीसीचा दुवा असेल तर तो आधी उघडा, ती उद्धृत करतानाच जतन केलेली प्रत असते. तसा दुवा नसेल तर जुना पत्ता वेबॅक मशीनमध्ये (संकेतस्थळांच्या जुन्या प्रतींचा संग्रह) टाकून उद्धृत केल्याच्या तारखेच्या जवळची नोंद पाहा.

---

देवघेव_विभाग

आता आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या फॉर्मबद्दल. मागण्या कुठे आणि का अडतात, ते दुसऱ्या बाजूने सांगतो.

जर्नलचं नाव पूर्ण लिहा, संक्षेप नको. पुरवठा करणाऱ्या ग्रंथालयातला माणूस कायद्याच्या संक्षेपांचा जाणकार असेलच असं नाही. आयएसएसएन द्या, उदाहरणार्थ हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचा ००१७-८११एक्स, पण ज्या वर्षाचा लेख आहे त्या वेळच्या नावाचाच. पुढच्या नावाचा आयएसएसएन दिला तर यंत्रणा मागणी फक्त नव्या खंडांकडे वळवते. शेवटचं पान माहीत नसेल तर अंदाजे आकडा टाकू नका. 'पान ५७४ पासून लेख संपेपर्यंत' असं लिहा. अंदाजाने २० पानं टाकली आणि लेख ३४ पानांचा निघाला तर २० पानांचीच प्रत येते.

सर्वात महत्त्वाचा रकाना बरेच जण रिकामा सोडतात: 'हे सायटेशन कुठे सापडलं'. ज्या पुस्तकात किंवा निकालपत्रात ते आहे त्याचं नाव, पान, तळटीप क्रमांक द्या. सायटेशन चुकलेलं असेल तर आम्ही मूळ जागी जाऊन ते दुरुस्त करू शकतो. हा रकाना रिकामा असेल तर आमच्यापुढे फक्त 'सापडत नाही' लिहिण्याचाच मार्ग उरतो.

वर्ल्डकॅट या अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित कॅटलॉगावर 'या ग्रंथालयात आहे' असं दिसतं ते जर्नलच्या पातळीवरचं असतं. तुमचा खंड आहे की नाही ते तिथे कळत नाही. त्या ग्रंथालयाच्या स्वतःच्या कॅटलॉगात खंडांची ओळ वाचा. 'खं. १-४०, ४३-' म्हणजे ४१ आणि ४२ नाहीत, आणि शेवटी मोकळी रेघ म्हणजे जर्नल अजून येतंय. 'अपूर्ण' असा शेरा असेल तर मागणीआधी विचारून घ्या.

बांधीव खंड बाहेर देत नाहीत, पूर्ण खंड मागण्यात वेळ घालवू नका. लेखाची स्कॅन प्रत मागा. आणि एखाद्या ग्रंथालयाकडे फक्त ऑनलाइन सदस्यत्व असेल तर त्यांच्या करारात बाहेर प्रत देण्याची मुभा असेलच असं नाही. छापील खंड असलेलं ग्रंथालय शोधणं म्हणूनच जास्त फलदायी.

---

वाचनकक्ष_३

एकाच अंकातले दोन लेख हवे असतील तर?

---

देवघेव_विभाग

@वाचनकक्ष_३, ते देशाच्या कॉपीराइट कायद्यावर आहे. इंग्लंडमध्ये ग्रंथालयाला कलम ४२ए खाली एका अंकातला एकच लेख देता येतो, तोही बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी किंवा खासगी अभ्यासासाठी, आणि वाचकाने तसं लेखी द्यावं लागतं. अमेरिकेत कलम १०८ आहे आणि त्याबरोबर कॉन्टू या कॉपीराइटविषयक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं: मागील पाच वर्षांतल्या अंकांमधून एका जर्नलचे जास्तीत जास्त पाच लेख, एका कॅलेंडर वर्षात, मागवणाऱ्या ग्रंथालयामागे. वाचकामागे नव्हे. म्हणून वर्षअखेरीला 'मर्यादा संपली' असं उत्तर आलं तर जानेवारीत पुन्हा मागणी द्या. पाच वर्षांहून जुन्या अंकांना हा पाचाचा आकडा लागू नाही.

---

परिशिष्ट_पान

इंग्रजीबाहेरच्या आणि मिश्र प्रकाशनांबद्दल थोडं.

फ्रेंच 'डी.' म्हणजे रेक्युई दालोझ हे कायद्याचं नियतकालिक. त्याच्या जुन्या वार्षिक खंडांत विभागवार पानं वेगळी मोजली जातात. 'क्रॉन.' म्हणजे लेखांचा विभाग, 'जे.' म्हणजे निकालांचा. विभाग न लिहिता पान मागितलं की निकालाची प्रत येते. 'जे. सी. पी.' या दुसऱ्या फ्रेंच नियतकालिकाच्या जुन्या सायटेशनमध्ये शेवटचा आकडा पानाचा नसून नोंदीचा क्रमांक असतो, ते मागणीत स्पष्ट लिहा. जर्मन 'एन. जे. डब्ल्यू.' या कायदेविषयक साप्ताहिकाला खंडाऐवजी वर्ष आणि लगेच पान.

भारतीय ए. आय. आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) मध्ये 'जर्न.' असेल तर तो लेखांचा विभाग, पानं स्वतंत्र. एस. सी. सी. (सुप्रीम कोर्ट केसेस) मध्येही तसंच. नुसतं 'ए. आय. आर. १९६५' एवढंच उतरवून घेतलं तर लेखाऐवजी निकालांचा भाग उघडला जातो. बांधणी करताना हा विभाग काही ठिकाणी खंडाच्या सुरुवातीला तर काही ठिकाणी शेवटी गेलेला असतो, दोन्हीकडे पाहा.

---

शोधयंत्र

आणि सायटेशन अर्धवटच असेल, म्हणजे 'अमुक लेखकाचा १९१२ च्या सुमाराचा लेख' एवढंच? तर सूचींकडे जायचं. इंडेक्स टू लीगल पीरियॉडिकल्स १९०८ पासून आहे. त्याआधीच्या काळासाठी जोन्स-चिपमन सूची. १९८० नंतरसाठी करंट लॉ इंडेक्सही चालतो. अमेरिका आणि ब्रिटनबाहेरच्या जर्नलांसाठी इंडेक्स टू फॉरेन लीगल पीरियॉडिकल्स, १९६० पासून.

इथे एक खोच आहे. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या 'नोट' आणि 'कमेंट' या लेखांना जुन्या लॉ रिव्ह्यूंमध्ये लेखकाचं नाव नसायचं. लेखकाखाली शोधून ते सापडत नाहीत, विषयाखाली शोधावे लागतात. आणि कोणत्याच सूचीत न मिळणारा 'लेख' कित्येकदा लेख नसतोच: गौरवग्रंथातलं प्रकरण असतं किंवा पुस्तक परीक्षण असतं. गौरवग्रंथ असेल तर मागणी ग्रंथाच्या नावाने आणि संपादकाच्या नावाने द्यायची, जर्नलच्या फॉर्मवर नाही.

---

बांधीव_खंड

प्रत आल्यावर काय तपासायचं तेही लिहून ठेवतो, कारण पुरवठा करणारी बरीच ग्रंथालयं ठरावीक दिवसांतच तक्रार घेतात.

पहिलं आणि शेवटचं पान पाहा. शेवटच्या पानावर लेख खरोखर संपतो का, की वाक्य अर्धवट तुटलंय? मधले पानांचे आकडे सलग आहेत का ते बघा, दोन पानं एकदम उलटली गेल्याने एक जोडी गळणं नेहमीचं. मग आतल्या कडेला पाहा. जाड खंड घट्ट बांधलेला असेल तर शिवणीकडची अक्षरं वाकतात किंवा गायब होतात. लॉ जर्नलांत तळटिपा पानाच्या अगदी खालपर्यंत जातात, म्हणून खालची कड कापली गेली तर नेमका संदर्भच जातो. ३०० डीपीआयपेक्षा कमी स्कॅनमध्ये तळटिपांतले ३, ८ आणि ६ एकमेकांत मिसळतात. तसं दिसलं तर पूर्ण लेख परत मागू नका, फक्त ती पानं मागा, पानांचे आकडे देऊन.

पहिल्या मागणीतच खंडाच्या शीर्षकपानाची प्रतही मागून ठेवा. लेखाच्या पानावर खंड, वर्ष आणि मालिका छापलेली नसेल तर पुढे उद्धृत करताना तेच पान लागतं.

---

वाचनकक्ष_३

@बांधीव_खंड, शीर्षकपान लेखाच्या पानमर्यादेत मोजतात का?

---

देवघेव_विभाग

बहुतेक ठिकाणी नाही, पण मागणीच्या शेऱ्यात वेगळ्या ओळीत लिहा: 'लेख + खंडाचं शीर्षकपान'. लेखाच्या पानांच्या रकान्यात ते मिसळलं तर स्कॅन करणारा ते लेखाचंच पान समजून शोधत बसतो.